दुसरा बॉल

घाटंजीच्या कॉलेजला ग्राउंड बारा एकर,
आणि गेट एक.
दुसरं आहे म्हणा, जिनिंगच्या बाजूला,
पण त्याची किल्ली
तीन प्राचार्यांआधीच्या प्राचार्यांसोबत
निवृत्त झाली.

मी फिजिक्सच्या लॅबमधला, उकंडा खडतकर.
नळीत पारा चढवतो, दाब मोजतात पोरं,
मी पुसून ठेवतो.
फायनलच्या दिवशी सर म्हणाले, उकंडराव, तुम्ही गेटवर.

गुलाबी पास पाचशे छापले.
झेरॉक्सवाल्या बंटीनं आणखी सातशे छापले.
दहाला सोफे आले, पांढऱ्या खोळीतले,
मांडवाखाली मांडले. त्यांच्यावर कोणी बसेना.
साडेदहाला पारव्याची बस रिकामी झाली,
मग शिवणीचे ट्रॅक्टर, मग सायकली,
डबे, लेकरं, आणि एक बकरी,
जिला खरं तर बाजारात जायचं होतं.

अकराला गेटचा गज माझ्या बरगडीत.
"कायले ढकलता बाप्पा?"
"आमी नाही ढकलत, मांगचे ढकलतेत."
मागच्यांना विचारलं असतं
तर तेही हेच म्हणाले असते.

निंबावर पोट्टे. पाण्याच्या टाकीवर पोट्टे.
भिंतीवर काचा, काचांवर गोणपाट,
गोणपाटावर पोट्टे.
आणि गजांपलीकडं, माझ्या कोपराशी,
लटारू टेकाम.
"माही पोट्टी गोलकीपर हाय."
"पास?"
"पोट्टी हाय ना."
मग त्यानं पिशवीतून तिचे बूट काढून दाखवले,
तळ शिवून आणलेले, रात्रीच.
त्रिवेणी आत कोणाचे तरी उसने घालून उभी होती.

मी उघडलं नाही.
वीतभर फट केली असती
तर आठशे माणसं त्या फटीतून आली असती
आणि लटारू सगळ्यांत खाली.
हे खरं आहे. मी तेव्हा मोठ्यानं म्हणालोही.
सोफे रिकामे होते, हेही खरं.
ते मी मोठ्यानं म्हणालो नाही.

शिट्टी झाली.
टाकीवरचा पोट्टा खाली सांगत होता:
"आली, आली, आली... गेली."
लटारू डोळे मिटून ऐकत होता,
जागलीवर डुक्कर ऐकतात तसा.

चाळिसाव्या मिनिटाला बॉल आला.
निंबावरून, गोणपाटावरून,
बाहेर.

लटारूनं उचलला. अंगठ्यानं दाबून पाहिला,
टरबूज घेताना पाहतात तसा.
"हा तिनंच मारला," म्हणाला.
आतून ओरडा: बॉल द्या!
बाहेरून, सकाळपासून पहिल्यांदाच एका सुरात:
गेट खोला!
बॉल द्या. गेट खोला. बॉल द्या.
बारा एकर ग्राउंड थांबलं होतं
आमच्या हाताकडं पाहत.
आमच्या म्हणतोय मी.
मी तर गेटच्या आतल्या बाजूला होतो.

किल्ली खिशात गरम झाली होती.
काढलीही.
तेवढ्यात शिट्टी.
त्यांच्याकडं दुसरा बॉल होता.

"चालू झाली बे," टाकीवरून आवाज.
मग कोणी गेट खोला म्हणालं नाही.
बकरी बसली. लटारूही बसला,
भिंतीच्या सावलीत, बॉल मांडीवर घेऊन.

दोन-एकनं हरलो आपण.
संध्याकाळी गेटपाशी चपला राहिल्या, सत्त्याण्णव.
मी मोजल्या. जोड कमीच, सुट्या जास्त.
त्रिवेणी सगळ्यांत शेवटी आली,
उसने बूट हातात, पाय अनवाणी.
त्यानं आधी शिवलेले बूट दिले, मग बॉल.
"हा कुठून आणला बाबा?"
"आणला नाही. तूनंच त पाठवला."

सोमवारी रजिस्टरात एक बॉल कमी भरला.
सरांनी कारण विचारलं.
मी लिहिलं: दाबानं फुटला.