चांद्रुसाचं ठिगळ

रुझार लोबोनं टेम्पोतून उतरवला तेव्हा
त्याच्या पाठीमागे पालीची नऊ अंडी होती,
सात फुटकी.
"बाये, गिराईक गोव्याचा असा," तो म्हणाला,
"सगळा ओरिजिनल व्हया म्हणता. आणि वाजाक पण व्हया."
म्हटलं, एवढी वर्षं खाऱ्या वाऱ्यात काढून
दोन्ही एकदम कुणाला जमलंय?

एकोणीस वर्षं कुणी प्लग लावला नव्हता.
तरी मी रबरी मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेतला,
एक हात पाठीमागे ठेवला
आणि कंडेन्सरची दोन्ही टोकं जुळवली.
ठिणगी पडली नाही.
कुडाळच्या एक्स्चेंजात बत्तीस वर्षं काढली मी;
बंद आहे, असं कुणी सांगितलं
की आधी मीटर लावते.

पत्र्यावरचा गंज आमसुलासारखा,
काळा, तांबडा, बोटाला धरणारा.
चारातला एक व्हॉल्व आतून दुधाळ.
काचेला केसाएवढी चीर गेली की हवा शिरते,
मग मोतीबिंदू झाल्यागत पांढरा पडतो तो.
कंडेन्सर फुगलेले, मेण ओघळून त्यात
एक मुंगी, कधीची कोण जाणे.
ट्रान्सफॉर्मर मात्र ठणठणीत.
काटा स्थिर राहिला तेव्हा
चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिला.

बेळगावहून पार्सल यायला अकरा दिवस.
तोवर एकेक टाका सोडवत बसले,
राळेचा धूर, दाभोली नाक्यावरच्या रिक्षा,
आणि कोळंबीवाली विचारून गेली तीनदा,
"गो, रेडिओ झालो?"
झालो, म्हटलं. रेडिओच तो.

मग स्पीकर काढला.
कोन फाटलेला, वितीला दोन बोटं कमी,
आणि त्यावर ठिगळ:
कॅलेंडरचा कागद, जून, सन एकोणऐंशी,
तीन तारखेपासून नऊपर्यंत एक ओळ.
चिकटवलंय ते डिंकानं नाही.
नखानं खरवडलं, हुंगलं: चांद्रूस,
होडीच्या लाकडाला तेलात उकळून लावतात तो.
महिना संपल्याशिवाय कॅलेंडर कुणी फाडत नाही.
म्हणजे जुलै. होड्या वर ओढलेल्या,
लग्नं नाहीत, बँडला काम नाही,
आणि रुझारचा काका सांतान
एका हातात ब्रश, एका हातात हे.
अंदाज माझा. तो गेला तेव्हा
मी एक्स्चेंजात रात्रपाळीला होते,
त्याच्या घरचा ट्रंककॉल मीच जोडला होता.

गिराइकाला नवा कोन चालेल, जुन्या कंपनीचा.
ठिगळ चालणार नाही.

शनिवारी साठचा बल्ब मध्ये जोडून
हळूच बटण दाबलं. बल्ब भडकला,
मग लाजल्यासारखा मंद झाला. ठीक.
व्हॉल्वच्या पोटात तांबूस धुगी.
पन्नासाची गुणगुण, थोडीच, चालण्याजोगी.
बल्ब काढून सरळ मेनवर घेतला.
रुझारनं गिटार जोडली. त्याला तीनच कॉर्ड येतात.
सगळ्यात जाड तार छेडली
तेव्हा जून महिना फडफडला,
झिलईच्या कागदात अडकलेल्या चतुरासारखा.
"ह्या काय?"
म्हटलं, ठिगळ. काढू?
तो पुन्हा तीच तार वाजवत राहिला.
दुसऱ्या तारेवर आवाज स्वच्छ. तिसऱ्या तारेवर स्वच्छ.
पुन्हा पहिली.
"आईकल्यान तर भाव पाडून मागतलो."
मागेल.
"काढू?"

उत्तर द्यायला त्यानं तोंड उघडलं
आणि लाइट गेली.
पंखा अडखळला, समोरच्या हॉटेलातला मिक्सर गप्प,
नाक्यावर कुणीतरी महावितरणच्या नावानं शिवी दिली.
तार अजून वाजत होती.
अंधारात व्हॉल्वचे चार ठिपके,
आणि तो खर्जातला सूर, कागद फडफडवत,
बारीक होत, बारीक होत
तीन सेकंद तरी.

माझे कंडेन्सर ते. बेळगावचे.
रुझारनं तारेवर हात ठेवला नाही.