हयातीचा दाखला

सातारच्या कोर्टात त्याच्या वकिलानं विचारलं,
एकवीस वर्षांच्या नोकरीत
एकत्र किती दिवस राहिलात?
मी बोटांवर मोजायला लागले.
मागं कुणीतरी हसलं.

वर्षाला दोन महिने रजा,
त्यातली निम्मी भावकीच्या लग्नांत.
बाकीचे दिवस मी कुठं होते म्हणता?
कोरेगावच्या पुढं, वसनेच्या काठी,
वाघ्या घेवडा खुडत,
दर रविवारी रात्री टेलिफोनच्या बूथबाहेर उभी.
त्याची सर्व्हिस बुकात भरली,
माझी सासऱ्यांच्या पाठीवर बघा:
सहा वर्षं अंथरुणात, एक जखम नाही.

पेन्शन त्याच्या घामाची, वकील म्हणाला.
जोतिराम खाली बघत होता,
टाचा जुळवलेल्या, बूट अजून तसेच चकचकीत.
दुसरीचं मी काही काढलं नाही.
निकमबाईंनी बजावलं होतं,
विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

महिन्याला साडेआठ हजार.
कॅन्टीनचं कार्ड गेलं, दवाखान्याचं गेलं.
कागदावरचा जोडफोटो तेवढा राहिला,
रहिमतपूरच्या स्टुडिओतला,
मागं निळा पडदा,
खांद्याला खांदा लावा म्हणाला होता फोटोवाला,
आम्ही लाजलो होतो.
गोल शिक्का दोघांवर अर्धा अर्धा पडलाय.

बाहेर चहा पिताना निकमबाई म्हणाल्या,
शालनताई, एक ध्यानात ठेवा,
तो आहे तोवर हे.
तो गेला की त्यातलं काही तुमच्याकडं येत नाही आता.

कारगिलच्या उन्हाळ्यात मी
अकरा सोमवार निरंकार धरले होते.
रेडिओवर आकडा सांगायचे,
नावं नाही.

परवा नोव्हेंबरात बँकेत
हयातीच्या दाखल्याच्या रांगेत तो दिसला.
वाळलेला. खोकत होता.
अंगठा मशीन घेईना.
क्लार्क म्हणाला, हात पुसा, परत ठेवा.
त्यानं विजारीला पुसला, परत ठेवला.
परत नाही.
स्लिप भरायची सोडून मी बघत राहिले.
घे की गं बाई, म्हटलं मशीनला, मनातल्या मनात,
जिता हाय त्यो.

चौथ्यांदा हिरवा दिवा लागला.
तो माझ्या अंगावरून गेला, बघितलं की नाही
कुणास ठाऊक.

घरी येऊन चूल पेटवताना ध्यानात आलं,
सोमवार होता,
आणि सकाळपासून माझ्या पोटात
पाण्याचा थेंब नव्हता.