ऑर्फाचे पाय

आमच्या मंडळीत वर्षातून दोनदा पाय धुतात.
बाकं समोरासमोर ओढायची, कमरेला लांब टॉवेल बांधायचा,
पुरुषांनी पुरुषांचे धुवायचे, बायकांनी बायकांचे.
एकेचाळीस वर्षं मी धुतले.
लेव्हाय फ्लोराचे, पुढे त्याच्या मुलाचे,
आणि ज्याच्याशी कुंपणावरून सात वर्षं अबोला होता
त्या एनॉस विंगर्टचेसुद्धा.

खरं सांगू? सगळे घरून पाय धुऊनच यायचे.
नखं कापलेली, मोजे कोरे,
बोटांच्या बेचक्यांत साबणाचा वास.
आम्ही स्वच्छ पाय धुवायचो,
उठून एकमेकांना आशीर्वाद द्यायचो,
मग बीफच्या रश्शात भिजलेला पाव
चौघांत एका वाडग्यातून खायचो.
रस्सा छान असायचा.

ऑर्फा पलीकडे बसायची, बायकांच्या टेबलाशी.
बावन्न वर्षांच्या संसारात
तिचे पाय मी पाहिलेच नव्हते म्हणा ना.
ते माझ्याआधी उठायचे
आणि माझ्यानंतर निजायचे.

आता रोज संध्याकाळी पाहतो.
एनॅमलचं घमेलं, कोमट पाणी, खाली जुनं गोणपाट.
उजव्या करंगळीवर एक पांढरा वण.
हा कशाचा, मी विचारलं.
तिचा आवाज हल्ली ओठांपलीकडे येत नाही,
कान अगदी जवळ नेला.
"दुधाचा कॅन पडला. वेन झाला, त्या वर्षी."
म्हणजे मी तिथेच असणार, गोठ्यात,
दहा पावलांवर.

मी डीकन होतो. आजाऱ्यांच्या घरी जायचो.
गुडघ्यावर टोपी, एक स्तोत्र, एक प्रार्थना, वीस मिनिटं.
घरची बाई दारापाशी घुटमळायची,
मला वाटायचं, निरोप द्यायला उभी आहे.
आता कळतं, आत अंथरूण बदलायचं असायचं,
आणि मी उठत नव्हतो.

पहिल्या दिवशी ऑर्फाने पाय मागे ओढला.
इतका थरथरता पाय, तरी जोर केवढा!
"मंगळवारी नर्स येईल ग्रीनव्हिलहून," म्हणाली.
तो शनिवार होता.
योहानाचा तेरावा अध्याय मला तोंडपाठ आहे.
पेत्र म्हणतो, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीत.
तरुणपणी वाटायचं, काय हा हेकट माणूस.
त्या शनिवारी वाटलं, बिचारा.
गुडघ्यांवर मी होतो,
पण वाकावं लागलं ते तिला.

गेल्या गुरुवारी रात्री चादर तिसऱ्यांदा भिजली
आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते सांगत नाही.
तिचा चेहरा हलला नाही,
या दुखण्यात चेहरा हलतच नाही.
डोळे हलले.
मी मागच्या खोलीत, वॉशिंग मशीनला टेकून
देवाची क्षमा मागितली.
तिची मागायला ओटमील शिजेपर्यंत वेळ लावला.
देवाकडे मागणं सोपं.
तो काही ओल्या अंथरुणात पडलेला नसतो.

की असतो?

हे मनात आलं तेव्हा हातात चमचा होता,
तो तसाच धरून मी बराच वेळ उभा राहिलो.
ओटमील खाली लागलं.
तिने मुकाट्याने खाल्लं, करपलेलं,
आणि मी माफी मागितली तेव्हा
मान हलवली, की ती नेहमीची थरथर होती,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

आज बाहेर मक्याच्या खुंटांवर बर्फ धरलाय.
रूथ फ्लोरा पाय ठेवून गेली, सफरचंदाचा,
तो शब्द ऐकून ऑर्फाच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं,
तिला असले फालतू विनोद पूर्वीपासून आवडतात.
मी टाच तळहातावर घेतली, पाणी सोडलं,
डोळे मिटले, म्हटलं, प्रभू,
एवढं बळ दे की उद्याही,
आणि त्याचे उपकार मोजू लागलो, एकेक करत,
डीकनची खोड, लवकर थांबत नाही.

ती काहीतरी पुटपुटली.
वाटलं आमेन म्हणते आहे.
कान जवळ नेला.

"गार," ती म्हणाली. "पाणी गार झालंय."

मी आमेन तसंच ठेवलं
आणि किटली चढवायला उठलो.