उलटी वीज

लेमुय बेटावर वादळानंतरचा चौथा दिवस.
फेरीतून उतरताना एलेउतेरिओ म्हणाला,
लोक म्हणतात लाईट गेली, लाईट आली,
जशी काही ती आपल्या पायांनी येते.

आधी दवाखाना, मग पाण्याचे पंप,
मग मोठी तार, मग तिच्या फांद्या,
आणि सगळ्यांत शेवटी
देतीफच्या वाटेवरची ही सहा घरं,
ज्यांची तक्रारही येत नाही
कारण त्यांचे फोन केव्हाच मेलेत.

निलगिरी तारेवर आडवी पडली होती.
करवतीने तासभर.
मग खांबावर चढण्याआधी
त्याने लांब काठी वर नेली,
टोकाला तपासणीची डबी.
मेलेल्या तारेलाही विचारायचं असतं,
मेलीस ना?

डबी ओरडली.

आम्ही तिघं जागच्या जागी.
मागचा स्विच मीच उघडला होता,
कुलूप माझं, चावी माझ्या गळ्यात.
"कुणीतरी जनरेटर
भिंतीच्या प्लगात घुसवलाय," तो म्हणाला.
दोनशे वीस व्होल्ट उलटे चढतात खांबावर,
ट्रान्सफॉर्मरमधून जातात
आणि तेवीस हजार होऊन
आमची वाट बघत बसतात.
शिव्या दिल्या नाहीत त्याने.
हातमोजे काढले, आणि कान देऊन चालू लागला.

पहिल्या चार घरांचे मेन स्विच खाली,
शिकवल्याप्रमाणे.
उत्तरेचा वाराही गुरगुरतो,
त्याच्यामागे एकदा उगाच ओढ्यापर्यंत गेलो.
पाचव्या घरामागे, बटाट्यांच्या कोठीत,
पोत्यांच्या मधोमध
धडधडत बसलेलं लाल मशीन.

एदेल्मिरा चिग्वाय दारात आली, हाताला पीठ.
"बंद नका करू."
आत खाटेवर तिचा भाऊ, नाकात नळी,
उशाशी ऑक्सिजनचा खोका.
पेट्रोल ती बोटीवाल्याकडून आणत होती,
अर्धा-अर्धा कॅन.
कुणाला मारायचं तिच्या मनातही नव्हतं.

एलेउतेरिओने मीटरखालचा स्विच ओढला.
घर बेटापासून तुटलं.
मशीन चालू, खोका चालू, तार मेली.
मग त्याने बोट ठेवून दाखवलं, दोनदा:
आधी हा खाली, मगच ते चालू.
ती मान हलवत राहिली.
पीठ स्विचला लागलं.

परत खांबापाशी. परत काठी. डबी गप्प.
तरी तार दोन्ही बाजूंनी जमिनीला बांधली.
विश्वास वेगळा, तांब्याची दोरी वेगळी.

साडेचारला फ्यूज बसवला
आणि मी एकटी तिच्याकडे धावले.
आता उलट क्रम:
आधी मशीन बंद, मग स्विच वर.
मशीन थांबलं.
खोकाही थांबला.
एक. दोन. तिचे ओले हात. तीन.
स्विच घट्ट. चार, पाच.
सहा.
खोक्याने घसा खाकरला
आणि पुन्हा श्वास द्यायला लागला.

भावाने डोळेही उघडले नाहीत.
एदेल्मिरा खिडकीतून
माझ्या गाडीकडे बघत म्हणाली,
पाऊण कॅन उरलंय,
तुम्हाला चालेल का?