काढण्यापूर्वी फोन करावा

रेजायना. रविवार, पहाटेचे दोन.
बाहेर उणे एकतीस. गाड्यांच्या नाकातून लोंबणाऱ्या वायरी
भिंतीतल्या प्लगांत खोचलेल्या, इंजिनं गोठू नयेत म्हणून.
आत मेनफ्रेमच्या खोलीत
बारा महिने तेरा काळ अठरा अंश.

डॉरीन वासिलिक चष्मा कपाळावर सरकवते.
हातात यादी. कागदावरची.
"स्क्रीनच गेली तर वाचशील कशात?"
एकेका ओळीपुढे पेन्सिलीनं बारीक टिंब.
बरोबरची खूण नाही, ती काम झाल्यावर.
टिंब म्हणजे नुसतं, वाचलंय.

बॅकअप घेतला. घेतला म्हणजे
दुसऱ्या डिस्कवरून यंत्र एकदा उठवून पाहिलं.
न उठवलेला बॅकअप, डॉरीन म्हणते,
ऐकीव माहिती.

दुरुस्त्या आल्या, दोनशे चौदा.
आधी फक्त ओसरीवर उतरवून घ्यायच्या.
मग लटकी तालीम: लावल्या असत्या, तर काय झालं असतं?
यंत्र सगळं मन लावून खोटं खोटं करतं
आणि शेवटी आकडा देतं. शून्य हवा.
आला आठ.

मी म्हणालो, एकच तर अडलीय.
एक शब्द जास्तीचा लिहिला की डावलता येते,
आणि सहाला सगळं परत चालू हवं.
डॉरीननं माझ्याकडे पाहिलं नाही.
ती अडलेली ओळ वाचत होती.

कुणीतरी इथं हात घातला होता, सत्त्याऐंशी साली.
पेन्शनच्या चेकांसाठी आठ ओळी,
वर टीप:
काढण्यापूर्वी मला फोन करावा. ओरेस्ट ह्रिचुक.
आणि सात आकडे.

ओरेस्ट जाऊन सहा वर्षं झाली.
मी त्याला फोटोतच पाहिलंय, निवृत्तीच्या केकमागे.

कलम अकरा: बदल ज्याचा, त्याला विचारावं.
तो वारला असल्यास काय, हे कलमात नाही.
डॉरीननं रिसीव्हर उचलला,
पुढे तीनशे सहा जोडलं, हल्ली जोडावं लागतं.

दुसऱ्याच घंटीला एक बाई. जाग्याच होत्या.
नाही, नंबर बंद नाही केला.
हो, वह्या आहेत, तळघरात, बिटाच्या बरण्यांमागे.
थांबा हं.

अकरा मिनिटं थांबलो.
रिसीव्हरमधून जिना ऐकू येत होता,
उतरताना,
मग बराच वेळ काही नाही,
मग चढताना.

त्यांनी वाचून दाखवलं, अक्षर न् अक्षर,
त्यांना त्यातलं काही कळत नसताना.
"इथं ओ आहे. नाही, थांबा, पोटात तिरकी रेघ."
"म्हणजे शून्य."
"असं होय. अंड्यांच्या हिशेबातही तो तसंच काढायचा."

महिनाअखेर रविवारी आली
तर चेक शुक्रवारी छापावेत. एवढंच होतं.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उचकून पाहिलं
आणि खाली सोडलं.

आठ ओळी नव्या अंगाला बेतून शिवल्या.
परत तालीम. शून्य. मग खरंखुरं.
पाच दहाला यंत्र उठलं.
मी शेवटची आज्ञा टाइप करायला घेतली, कायम करण्याची.
डॉरीननं माझं मनगट धरलं.
"ती नाही. त्यानंतर परत फिरता येत नाही.
महिनाभर चालू दे आधी."

टिपेखाली तिनं तारीख घातली,
आपलं नाव, आपल्या घरचा नंबर.
वरचा खोडला नाही.