हिवराखाली

सकाळची एसटी भोशाच्या फाट्यावर सोडते
आणि धूळ खाली बसेपर्यंत मी तिथंच उभी राहते,
कुणी न्यायला येणार असल्यासारखी.

एकतीस वर्षं मिरजेच्या मिशन दवाखान्यात.
ऑपरेशनला नेण्याआधी स्ट्रेचरचा दांडा धरून
दोन मिनिटं प्रार्थना: हे माझं काम,
ड्यूटीच्या कागदावर कधीच न लिहिलेलं.
मुसलमान आज्या, लिंगायत व्यापारी, पोटुशा पोरी,
साखर कारखान्यातला बोटं गेलेला फिटर,
सगळे डोळे मिटायचे.
मीही मिटायचे, आणि आतल्या आत घड्याळ बघायचे.
कधीपासून, ते नक्की सांगता येणार नाही.
एवढं आठवतं की थर्मामीटर झटकावा
तशी मी आमेन झटकायचे
आणि पुढच्या खाटेकडे जायचे,
पारा उतरवून.

रिटायर झाले तेव्हा शब्द तेवढे उरले.
पाळक म्हणाले, मार्थाबाई, स्त्रियांच्या सभेत बोला.
बोलले. छान बोलले म्हणे.
घरी येऊन कुकर लावला, आणि तिसऱ्या शिट्टीला कळलं
की मी ज्याच्याशी बोलत होते
तो केव्हाच उठून गेलाय.
किंवा मी.

म्हणून दंडोबा.
डोंगर दुसऱ्यांच्या देवाचा, वनखात्याचा, मोरांचा.
त्यानं मला काही विचारलं नाही.
माघातलं गवत, वाळून हाडांच्या रंगाचं,
घाणेरीची काळी फळं,
खाली द्राक्षबागा, बेदाण्याच्या शेडवर हिरव्या जाळ्या,
लांब ढालगावाकडं पवनचक्क्या,
त्यातल्या दोन बंद.

पहिल्या बुधवारी गुडघे टेकले. खडे टोचले. उठले.
दुसऱ्या बुधवारी प्रभूची प्रार्थना सुरू केली
आणि भाकरीच्या ओळीपाशी अडकले:
इतकी वर्षं ‘आम्हाला’ म्हणत आले,
त्यात मी होते का?
तिसऱ्या बुधवारी एक सरडा होता.
तो माझ्याकडे बघत होता, मान वरखाली करत,
मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

चौथ्या खेपेला म्हणाले, मोठ्यानं, कारण ऐकायला कुणी नव्हतं:
बापा, मला झोप दे.
एवढंच. कुणाच्या टाक्यांसाठी नाही, कुणाच्या तापासाठी नाही.
आणि लाज वाटली,
पगारातून उचल मागताना वाटायची तशी.

हिवराखाली निजू नये म्हणतात.
मी निजले. पिशवी उशाला, चपला काढून.

‘उटा की वो. ऊन आलंया तोंडावर.’
काठी. मागं चौदा-पंधरा शेरडं.
‘काय खाल्लंय का न्हाई?’
तिनं फडकं सोडलं. गार भाकरी, वर खरडा.
पाण्याच्या बाटलीला बकरीचा वास.
अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली
आणि उरलेली स्वतः खायला लागली,
मध्येच एका करडाला दटावत.

झुडपाखाली झोपलेल्या एका दमल्या माणसाची गोष्ट
रविवारच्या शाळेत मी पोरांना कितीदा सांगितली असेल,
त्याला उठवणाऱ्याचे पंख फळ्यावर खडूनं काढून.
कोंडाबाईला पंख नव्हते. पुढचा दात पडलेला,
पदराला गोचिडाच्या औषधाचा डाग.

‘घरच्यांनी हाकललं का काय तुमाला?’
नाही, म्हटलं.
‘मग हितं काय करता?’
उत्तर सुचलं नाही. चावत राहिले.
चावता चावता डोळे भरून आले.
खरडा तिखट आहे, असं तिला सांगितलं.
‘आमचा तिखटच असतुया,’ ती म्हणाली,
आणि दुसरीकडं बघत बसली, माझं आवरेपर्यंत.

साडेतीनची एसटी चुकली.
शेरडांच्या मागून फाट्यापर्यंत चालत आले, लेंड्या चुकवत.
पाय सुजलेत. पुढच्या बुधवारी जमेल का, माहीत नाही.
पण वाटेत कुठंतरी, चालता चालताच,
आमेन म्हणाले
आणि मनगट तसंच राहू दिलं.