लागलेली मिनिटं

पुस्तिका चौसष्ट पानांची. सोबत एक कागद:
घरी वाचा, शेवटचे प्रश्न सोडवा,
एकूण किती मिनिटं लागली ते कळवा.
बारा फार्मासिस्टांच्या वेळेची सरासरी काढून
अभ्यासक्रमाला किती क्रेडिट द्यायचं ते ठरेल.

घरी म्हणजे शुक्रवार पेठेतलं दुकान,
काउंटरमागचं स्टूल, फ्रिजची घरघर,
शेजारच्या तालमीत अंग आपटल्याचे आवाज.

नऊ दहाला घड्याळ लावलं.
नऊ अठराला एक पोरगं, खोकल्याचं औषध.
"कडू नको बगा, मावशी." थांबवलं.
नऊ चोवीसला पुन्हा सुरू.
मग सीपीआरची चिठ्ठी आली, अक्षर असं
की सुहेलनं ती उलटी धरून पाहिली.
हे वाचन धरायचं का? कागदावर काही लिहिलेलं नाही.

भाषा सोपी होती. एक कोष्टक तेवढं किचकट.
अकराव्या पानावर अडकले.
मूत्रपिंड आणि वेदनाशामक:
रोज, दीर्घकाळ, कोणी चौकशी न करता
पुढची ओळ वाचली नाही. माहीत होती.

उद्यमनगरच्या फाउंड्रीतले तातोबा मगदूम.
दर शनिवारी, पगार झाला की,
"ती लाल पट्टी द्या की ओ ताई,
तिच्याबिगर वाकता येत न्हाई."
मी देत होते. सुट्टे नसले
तर पुढच्या शनिवारी द्या म्हणत होते.
सात वर्षं.
पाय सुजतात का, एवढंसुद्धा विचारलं नाही.

आता त्यांचा पोरगा येतो, मंगळवारी न् शुक्रवारी,
डायलिसिसच्या वाटेवर. कापूस, चिकटपट्टी.
माझ्याशी चांगलं बोलतो.
तेच जड जातं.

भानावर आले तेव्हा घड्याळ चालूच होतं.

कागदावर मिनिटांसाठी चौकोन तीनच.
वेळ फार भरली तर विसंगत म्हणून वगळतील,
उरलेल्या अकरांची सरासरी नीट येईल,
दीड तास, फार तर पावणेदोन.
मी एकशे अडुसष्ट लिहिलं. खोडलं नाही.
समासात पेन्सिलीनं: पान अकरा, दोनदा.

दुपारी एक गवंडी आला, हाताला सिमेंट,
"लाल पट्टी द्या."
काउंटरवर ठेवली, हात वरच ठेवला,
विचारलं, किती दिवस घेताय?
"घाई हाय ओ बाई, गाडी रस्त्यावर हाय."
तरी विचारलं. लघवीचं, सुजेचं, बीपीचं.
मागं तिघं ताटकळले.

चार मिनिटं.
कागद तोवर पोस्टात पडला होता.